तोंडचा आकडा

बाबूजी, मी पटाचं, बैलजोड्यांची वेळ मोजायचं सॉफ्टवेअर सोडलं. तुम्ही गेल्यानंतरच्या हिवाळ्यात सुरू केलेलं, नोकरी सांभाळून, स्वयंपाक सांभाळून इतकी वर्षं लिहिलेलं, ते परवा दुसऱ्यांच्या हवाली केलं. तुम्ही असता तर "बरं झालं" म्हणून चहा मागितला असतात. हे पत्र गोड बोलायला लिहीत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. भिंतीवरच्या तुमच्या फोटोला मी हार घालते तो आईला बरं वाटावं म्हणून.

तुम्हाला मी अजून त्या मंडपातच पाहते. धान कापून झालेलं आहे, आसगावच्या पुढच्या आपल्या त्या लहानशा गावात बैलांच्या शर्यतींचा पट भरलाय, घरोघरी पाहुणे आहेत, रात्री नाटक आहे. एकेक जोडी सुटते, धुळीतून सरळ वाट कापत येते आणि तिला किती सेकंद लागले हे माइकवरून तुम्ही सांगता. शाळेत पीटीचे मास्तर, म्हणून शाळेचं स्टॉपवॉच तुमच्या ताब्यात, आणि तेवढ्यावर तुम्ही अख्ख्या पंचक्रोशीचे घडीवाले मास्तर. तुमची एक रीत होती. जोडी आली की अंगठा दाबायचा, तबकडीकडे एकदा बघायचं, घड्याळ कोटाच्या खिशात टाकायचं आणि मग आकडा बोलायचा. तबकडी दुसऱ्या कोणाला कधी दाखवली नाहीत. कोणी मागितलीही नाही, आणि याचा तुम्हाला केवढा अभिमान होता.

मी सहावीत होते. तुमच्या खुर्चीमागे उभी राहून मी काटा पाहिला. ज्यांच्या शेतात पट भरायचा त्यांची जोडी पळाली होती आणि काटा साडेनऊच्या पुढे गेला होता. घड्याळ खिशात गेलं आणि तुम्ही माइकवर म्हणालात, "नऊ." मला वाटलं तुमची चूक झाली. मी मदत करायला म्हणून बोलले, "बाबूजी, साडेनऊ." माइक चालूच होता. नाकाडोंगरीकडून आलेला, जोडी हाकणारा एक धुरकरी, त्याची जोडी तोवर पहिली होती, समोरच कासरा धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तुम्ही उठलात आणि सगळ्या पटासमोर माझ्या थोबाडीत मारलीत. "डोळे फुटले का तुये?" तेही माइकवर गेलं. लोक हसले. तो धुरकरी मात्र हसला नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

संध्याकाळी आई चुलीपाशी पाहुण्यांसाठी लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती. तुम्ही दारात उभे राहिलात, माझ्याकडे न बघता तिला म्हणालात, "पोरीले पटावर पाठवत नको जाऊ. अक्कल नाही तिले." आईने कढईवरून मान वर न करता विचारलं, "खरं बोलली तं मारलं काहून?" तुम्ही म्हणालात, "खरं काय अन खोटं काय. घडी ज्याच्या हातात हाय, तो सांगते." मग तुम्ही वडे मागितले. आईने दिले. मीच ताटली नेऊन तुमच्यापुढे ठेवली, आणि त्याचा राग मला अजून येतो.

बारावी पास झाले तेव्हा तुम्ही मला मनगटी घड्याळ आणलंत. सोनेरी पट्ट्याचं, नाजूक, आणि सेकंदकाटा नसलेलं. मामाने विचारलं तर तुम्ही म्हणालात, "पोरीले सेकंद कायले पायजे?" सगळे हसले, मीही हसले. नागपूरच्या हॉस्टेलवर ते हातात घालून मी सेकंद मनात मोजायला शिकले. बसस्टँडवर, परीक्षेत, दूध उतू जायच्या आधी. दुसऱ्या कोणाच्या घड्याळावरून ताडून पाहायचे. पुढे पुढे फरक पडेनासा झाला. खरं स्टॉपवॉच, शाळेला कधी परत न केलेलं, तुम्ही जाताना दादाला देऊन गेलात. त्याच्या शोकेसमध्ये ते बंद पडून आहे आणि त्याला किल्ली कशी द्यायची तेही माहीत नाही.

म्हणून मी सॉफ्टवेअर लिहिलं. लोकांना सांगायचे की परंपरेसाठी लिहिते, बैलांच्या मालकांसाठी लिहिते. ते तुमच्या खिशाविरुद्ध लिहिलं होतं. सुटायच्या जागी दोन खांब, पोचायच्या जागी दोन खांब, मधून प्रकाशाची रेघ, आणि वर बैलगाडीएवढा बोर्ड. लाल आकडा एकाच वेळी सगळ्यांना दिसणार. मध्ये पटावर बंदी आली तरी मी थांबले नाही. अंगणात नवऱ्याची मोटारसायकल पळवून चाचण्या घ्यायचे. तो वैतागून म्हणायचा, "पट बंद हाय अन तू हे काय करून राहिली?" बंदी उठली आणि गावोगावचे लोक मागायला लागले. मग फोन. जेवताना फोन, कॉलेजात तास घेताना फोन. "मॅडम, तुमची मशीन आमच्याच जोडीवर खार खाऊन राहिली." मी शिव्या खाल्ल्या, कोड सुधारला, पुन्हा शिव्या खाल्ल्या. त्या सगळ्या मी तुमच्या नावावर मांडत गेले.

यंदाच्या पटात काय झालं ते ऐका. पवनीकडचं एक गाव. मी भंडाऱ्याला माझ्या ओट्यापाशी, फोन कुकरच्या बाजूला उभा केलेला. तिथला मशीन सांभाळणारा माणूस व्हिडिओ कॉलवर म्हणत होता, "मॅडम, हा सेन्सर मधातच बंद पडून राहिला, पाहा बरं." मी वायर तपासायला सांगत होते तेवढ्यात मागे जोडी सुटली. फोनवर नुसती धूळ. सुटल्याचा गलका ऐकू आला, मग पोचल्याचा. बोर्डावर शून्य. कमिटीच्या अध्यक्षांनी फोन हातात घेतला. "मॅडम, तुमी फक्त आकडा सांगा. तुमच्या तोंडून आला का कोनी काई बोलत नाही." मी म्हटलं, जोडी पुन्हा पळवा. "बैलं थकले, कोन पळवते?" मग ती धाव धरू नका, मी म्हटलं. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "तुमचे बाबूजी असते तं एका मिनिटात सांगून देलं असतं."

त्यांनी माझा बोर्ड बंद केला. कोणीतरी मोबाइलवर वेळ लावली. जोडी आली की मोबाइल खिशात आणि आकडा माइकवर. उरलेला पट असाच झाला. मशीनवाल्याने रात्री फोन करून सांगितलं, "लोक खुश होते, मॅडम." इतकी वर्षं मी आकडा सगळ्यांसमोर आणायला मरमर मेले आणि या लोकांना तुमचा खिसाच हवा होता. तुम्ही त्यांना ती सवय लावून गेलात. मला तुमचा आधी राग होता, आता घृणाही वाटते. दुसऱ्या दिवशी मी तुमसरच्या एका मेकॅनिकला आणि पुण्याच्या एका मुलीला सगळे पासवर्ड दिले आणि पहिल्या पानावरून माझा नंबर काढला. दोघं चांगली आहेत. त्यांचं भांडण कोणाशी नाही, म्हणून त्यांना जमेल.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, शोकेसमध्येही ठेवणार नाही. पण एक राहिलं. त्या धावेचा धुरकरी, ज्याची जोडी धरली गेली नाही, त्याचा मला नंतर फोन आला. आवाज अगदी खाली. "मॅडम, माही जोडी पहिली होती का? फक्त मले सांगा. कोनाले बोलत नाही मी." मी म्हटलं, "मशीन बंद होती दादा, मला कसं माहीत असणार." तो "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मला माहीत होतं, बाबूजी. गलका ऐकू आला तशी माझी मोजणी आपोआप सुरू झाली होती आणि दुसऱ्या गलक्यावर थांबली. तोवरच्या पहिल्या जोडीचा आकडा मी बोर्डावर पाहिलेला होता, त्यामुळे त्याची जोडी पहिली होती की नव्हती, ते मला तिथे ओट्यापाशी कळलं होतं. अध्यक्ष आकडा मागत होते तेव्हा तो माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला. त्यांना सांगितला नाही, त्यालाही सांगितला नाही. तुम्हालाही सांगणार नाही.