यंदा ट्यूबा कोण वाजवणार

अप्पा,

एक गंभीर तक्रार आहे आणि ती ऐकून घेण्याचा अधिकार तुमच्याशिवाय कुणाला नाही. नाताळच्या तालमीनंतर आता कॉफी काचेच्या ग्लासात देतात. पितळेचा टंबलर गेला, खालची पसरट वाटी, तो डबरा गेला, आणि वरून घशात धार सोडायची सोयही गेली. ग्लासाचा काठ इतका जाड की कॉफी घशाऐवजी सदऱ्यावर उतरते. तासभर पितळेला ओठ लावून फुंकणारा माणूस कॉफी मात्र ओठ न लावता पितो, याचं आमच्या बँडमास्तरांना अजून हसू येतं. त्यांना काय सांगणार? पितळ चिंचेने शुद्ध होतं; काचेबद्दल मी अजून ग्रंथ धुंडाळतो आहे. धर्मशास्त्राचा एवढा मोठा पेच पडलेला असताना मास्तरांना माझ्याकडून भलत्याच गोष्टीचं उत्तर हवं होतं: यंदा तो अगडबंब ट्यूबा वाजवणार की त्याचं धाकटं भावंड, युफोनियम?

मास्तर तुमच्या ओळखीचे. तुमच्या वेळी ते कॉर्नेट वाजवायचे आणि रेल्वेत गार्ड होते. आता निवृत्त झालेत, पण पेरंबूरच्या अँग्लो-इंडियन कॉलनीत नाताळच्या आदल्या संध्याकाळी दारोदार फिरून वाजवायचं, हा जुना नेम त्यांनीच चालू ठेवला आहे. खालच्या सुरांची वाद्यं दोन आणि ती वाजवणारे आम्ही दोघंच, मी आणि पोस्टातला एक धडधाकट तमिळ गृहस्थ. मास्तर म्हणाले, पंडित, तू वयाने मोठा, आधी तू निवड. तू सोडशील ते तो घेईल. तुम्ही गेल्यापासून दर नाताळला ट्यूबा माझ्याच मांडीवर असतो, त्यामुळे विचारणं हा नुसता उपचार होता. मी उत्तर द्यायला आठवडा मागितला, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

तुमचा ट्यूबा म्हणजे घरातलं एक पोट सुटलेलं दैवत होतं. तुम्ही संध्याकाळी वर्कशॉपमधून येता, पाय धुता आणि खिशातलं माउथपीस काढून न्हाणीजवळच्या कोनाड्यात ठेवता. आत न्यायची त्याला बंदी, कारण ते उष्टं. सकाळी आई करवंटीत चिंचेचा कोळ कालवते, ते माउथपीस त्यात बुडवते, पदराने नाक धरून घासते आणि म्हणते, देवाची भांडी एवढी लखलखत नाहीत. आयुधपूजेला तर तिने ट्यूबाच्या तिन्ही कळांना घट्ट गंध लावलं, त्रिमूर्ती म्हणून. दुसऱ्या दिवशी ते वाळून मधला विष्णू खाली गेला तो वर येईना. तुम्ही सबंध मिरवणूक अर्ध्या सुरांवर काढलीत आणि घरी येऊन तिला एवढंच म्हणालात की पुढच्या वर्षी देवांना नुसती हळद चालेल. मी तेव्हा संस्कृतच्या शिरोमणी पदवीची परीक्षा देत होतो आणि तुमच्याकडे वाजवायलाही शिकत होतो. एकदा तालमीत सगळ्यांना ऐकू जावी म्हणून मी एक उडती तान घेतली. तुम्ही हात वर करून बँड थांबवलात.

“नाचू नको दा,” तुम्ही म्हणालात. “तू जमीन आहेस. जमीन नाचली तर वरच्यांनी उभं कुठं राहायचं?”

रघुवंशापेक्षा ते एक वाक्य मला जास्त पाठ आहे.

म्हणूनच तुमच्या त्या शेवटच्या वर्षी आम्हाला सगळ्यांना गंमत वाटली. आईच्या करवंटीत एक दिवस माउथपीस लहान झालेलं निघालं. तिने ते बोटांत धरून विचारलं, हे काय, चिंचेने झिजलं की काय? तुम्ही हसलात. ट्यूबा दुसऱ्याला दिला, म्हणालात, मोठं वाजवून कंटाळा आला, आता म्हातारपणी युफोनियमवर जरा गाणं वाजवतो. मी केवढा खूश झालो. जन्मभर हुंकार देणाऱ्या अप्पांना अखेर कंठ फुटला, असं मी पाहुण्यांसमोर म्हणालो आणि तुम्हीही मान हलवलीत. त्या नाताळच्या फेरीत मी सायकल हातात धरून बरोबर होतो. तुमचं वाजवणं गोड होतं. फक्त प्रत्येक घरापुढचं गाणं संपलं की तुम्ही कुणाच्या तरी पायरीवर टेकायचात, युफोनियम उलटं करायचात आणि फुंकरीच्या वाफेचं आत साचलेलं पाणी काढत बसायचात. लोक पुढच्या फाटकाशी पोचले तरी तुमचं पाणी संपत नसे. मी मास्तरांना म्हणालो, अप्पांनी आज अडयार नदीच आत भरून आणलेली दिसते. तुम्ही ऐकलंत आणि खालीच बघत राहिलात.

दोन महिन्यांनी, तमिळ मासी महिन्यात, तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय बरेच दिवस थकलेलं असणार, दम लागत असेल, तुम्हाला कुणाला बोलले नाहीत? आई उठून आत गेली. वेदान्ताची चार वाक्यं त्या वेळी माझ्या जिभेवर होती आणि एकही कामाचं नव्हतं.

आता नुंगंबाक्कम स्टेशनचा पूल चढताना मी मध्येच थांबतो आणि साबणाची जाहिरात वाचतो. ती मला मल्लिनाथी टीकेसकट पाठ झाली आहे. परवा तालमीत संथ गाणं चाललं होतं, खालचा लांब सूर माझा, आणि तो अर्ध्यावर तुटला. पुन्हा भरला, पुन्हा तुटला. वरच्यांनी सांभाळून घेतलं. गाणं संपल्यावर मी ट्यूबा उलटा करून पाणी काढायला बसलो. आत पाणी नव्हतं. तरी बसून राहिलो.

मास्तरांना काल सांगितलं, युफोनियम घेतो. का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, इतकी वर्षं खालूनच वाजवलं, एकदा गाणं आपल्या वाट्याला यावं. निरोप घेताना माझा हात त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. घरी बायकोला तेच सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, निदान काय वाजवताय ते तरी कळेल आम्हाला. थोरली मुलगी हसली. धाकटी तमिळमध्ये काहीतरी म्हणाली आणि त्या दोघी पुन्हा हसल्या. मीही हसलो.

अप्पा, तुम्हाला माहीत होतं ना? तुम्ही आम्हाला भिऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतंत, की स्वतःलाच सांगत नव्हतात, हे मला विचारायचं होतं. हे पत्र घालायला पेटी नाही, आणि असती तरी मी घातलं नसतं; बायकोच्या हाती लागलं तर तिला आज रात्रीच सगळं कळेल. डॉक्टरांकडे मी अजून गेलेलो नाही. रोज शाळेत शिकवून येताना त्यांच्या दवाखान्यावरून जातो आणि पाटी वाचून पुढे येतो. मला दम पुरत नाही, अप्पा. दोन महिने झाले. घरात कुणाला सांगितलेलं नाही, आणि मला फार भीती वाटते.