चोराचं पुढं काय झालं

शनिवार, ४ नोव्हेंबर १९३३

चोर शोधणाऱ्या येसूकाकूंच्या पुस्तकमालेचा पाचवा भाग आज संपला! शेवटचे पान वाचून झाले तरी बायका ओसरीवरून उठेनात. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मोठ्याने वाचायचे असे मी ठरवले, तेव्हा चार जणी येत. आज पायरीसुद्धा भरली होती.

शिऱ्याची युक्ती सगळ्यांना फार आवडली. गावात एका घरी पाटल्या चोरीला जातात. काकू घरातल्या गडीमाणसांना बोलावून प्रत्येकापुढे शिरा ठेवते आणि कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही एवढेच पाहते. पोलीस नाही, मारहाण नाही. शेवटी सगळे मिळून चहा पितात.

प्रकाशकांनी वाचकांची मते मागवली आहेत, डिसेंबरच्या पुस्तकात छापणार म्हणून. मी एकेकीला विचारले. गोजाबाई, म्हणजे जमाबंदीच्या कारकुनांच्या मंडळी, म्हणाल्या की चोर त्यांनी पहिल्याच पानावर ओळखला होता. (दर भागाला हेच म्हणतात. कोण ते मात्र वाचून झाल्यावर सांगतात.) आई म्हणाली, काकू बोलते फार, पण मनाची चांगली आहे.

साखरशेतच्या पाड्यावरची माघी पळसाची पाने विकायला येते आणि भारा खाली ठेवून ऐकत बसते. ती म्हणाली, "हिला शेत नाय काय? दिसभर लोकांच्या घरात!" सगळ्या हसल्या. हसू ओसरल्यावर तिने विचारले, "आन चोराचं पुढं काय झालं?"

मी म्हटले, गोष्ट तिथेच संपते.

"गोष्ट सरली. तो कुठं सरला?"

गोजाबाई म्हणाल्या, अगं, काकूंनी त्याला माफ केलं, चहा पाजला.

"गावानं पाजला काय?" — असे म्हणून तिने भारा डोक्यावर घेतला.

बिचारीला गोष्ट ऐकायची सवय नाही. पण येईल. इकडे काही हरवले की लोक भगताकडे धावतात, तो सुपात दाणे टाकून नाव सांगतो. डोळे उघडे ठेवावे, विचार करावा, हे या लहानशा पुस्तकांतून लोक शिकतील. नाहीतर मी बी. ए. होऊन इथे परत आले कशासाठी?

गुरुवार, ९ नोव्हेंबर

गोजाबाईंचा चांदीचा करंडा नाहीसा झाला! माहेरचा, आईने दिलेला. रडून डोळे सुजलेत. भगताला बोलावणे धाडायला निघाल्या होत्या, मी हात धरून थांबवले. म्हटले, हे माणसांनी शोधायचे असते.

"मग तुम्हीच व्हा आमच्या येसूकाकू," म्हणाल्या.

खोटे कशाला लिहू — आनंद झाला.

शनिवार, ११ नोव्हेंबर

सापडली. करंडा नाही, पण चोर सापडली.

घरात बाहेरची माणसे तीनच: पाणी भरणारी रुपी, गोठ्यातला लक्ष्या आणि भात कांडायला येणारी सुकी. सुकी माघीची सून आहे हे मला आजच कळले. अबोल पोर. दोन वर्षांची मुलगी पाठीला बांधून मुसळ चालवते.

गोजाबाईंनी नव्या भाताचे पोहे केले. तिघांपुढे द्रोण ठेवले. रुपीने खाल्ले. लक्ष्याने दुसऱ्यांदा मागून घेतले. सुकीने द्रोणाला हात लावला नाही.

"मला नको."

गोजाबाईंनी आग्रह केला. तिने मान खाली घातली. मुलीने द्रोणाकडे हात नेला तो धरून मागे घेतला. "आमचं अजून व्हायचं हाय," एवढे पुटपुटली. काय व्हायचे आहे? विषय टाळत होती. मी विचारले, "सुकी, घास का उतरत नाही?"

तिने वर पाहिले. गोजाबाईंकडे नाही, माझ्याकडे.

माफ करून करंडा परत घ्यावा असे मी सुचवले, अगदी काकूंसारखे. ती म्हणाली, मी घेतला नाय. तेवढ्यात गोजाबाईंचे यजमान आले आणि पुढचे माझ्या हातात राहिले नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

मते टपालात टाकली. माझे सर्वांत लांब झाले. कालची हकीकत लिहिली, नावे न घालता. माघीचे मत पाठवले नाही. ते मत नव्हेच, प्रश्न आहे.

बुधवार, १५ नोव्हेंबर

संस्थानचा शिपाई साखरशेतला जाऊन आला. झोपडी उलटीपालटी केली, काही मिळाले नाही. "मोखाड्याच्या बाजारात विकला असेल," गोजाबाई म्हणाल्या. सुकीला कामावरून काढले.

शिपाई जाईल असे मला वाटले नव्हते. पुस्तकात जात नाही.

शनिवार, १८ नोव्हेंबर

सहावा भाग सुरू केला. गर्दी पुष्कळ. माघीची जागा रिकामी. पत्रावळींना पाने नाहीत म्हणून आई कुरकुरते आहे.

सोमवार, २७ नोव्हेंबर

करंडा सापडला. जुन्या तांदळाच्या मडक्यात, तळाशी. दिवाळीआधी नाशिकला बहिणीकडे जाताना गोजाबाईंनीच तो तिथे पुरून ठेवला होता. परत आल्यावर नवा तांदूळ खायला सुरुवात झाली आणि जुन्या मडक्याकडे कोणी फिरकले नाही.

मला आत बोलावून दार लावून सांगितले. "आता बोभाटा नको, ताई. माझं हसं होईल ते होईल, तुमचं नाव जाईल."

घरी येऊन आईला सांगितले. मग सुकीने पोहे का खाल्ले नाहीत, हे मी स्वतःशीच पण मोठ्याने म्हटले. आई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "कोणत्या भाताचे पोहे होते?"

"नव्या."

"मग त्यांच्या पाड्यावर नव्याचं झालं नसेल. देवाला दाखवल्याशिवाय नवं धान्य तोंडात घालत नाहीत ती माणसं. तुझी आजी तरी कुठं घालायची?"

आजीच्या हातचा तो नैवेद्य मी खाल्ला आहे. लहानपणी, दर वर्षी. तो होण्याआधी नव्या भाताला हात लावला म्हणून एकदा मारही खाल्ला आहे. मला आठवायला हवे होते.

बाबांचे म्हणणे गोजाबाईंसारखेच. "झालं ते झालं. दरबारातून तुझ्या वाचनालयाला मंजुरी यायची आहे. आत्ताच कशाला?"

मी वाद घातला नाही. घालायला हवा होता.

रविवार, ३ डिसेंबर

कोणाला न सांगता साखरशेतला गेले. भात झोडून झालेले, खळ्यावर पेंढा. माघी अंगणात नातीला पेज भरवत होती. मला बघून उठली नाही, बस म्हणाली नाही.

उभ्यानेच सगळे सांगितले. करंडा सापडला, सुकी निर्दोष आहे, चूक माझी.

ती पेज भरवत राहिली. मग एकेक सांगू लागली. दिवाळीच्या तोंडावर पाड्यातला एक म्हातारा गेला, म्हणून यंदा नव्याचं मागे पडलं. ते झालं शिपाई येऊन गेल्यावर. त्या दिवशी सुकीला कोणी पंगतीला घेतलं नाही. दाराशी शिपाई आणला म्हणून पंच बसले. रघ्या, म्हणजे माघीचा मुलगा, पंचांपुढे बायकोच्या बाजूने एक शब्द बोलला नाही. मुलगी ठेवून घेतली आणि तिला म्हणाला, जा भावाकडे. भाऊ खोडाळ्याला, संस्थानच्या हद्दीपलीकडे खालसात, म्हणजे इंग्रजी मुलखात. ती एकटीच निघाली.

"तुम्ही सांगाल तर ऐकतील पंच," माघी म्हणाली. "शिकलेल्या बाईचं ऐकतात."

मी पंचांना जाऊन सांगितले. त्यांनी खाली मान घालून ऐकले. एक जण म्हणाला, आणा तिला परत, आमचं काय नाय.

मी खोडाळ्याला जाणारच. नाताळची सुट्टी लागू दे. संस्थानच्या शाळेतली बाई कांडपिणीसाठी हद्द ओलांडून जाणार, यावरून बाबा बोलतील. बोलू देत. तोवर बाजारकऱ्यांबरोबर निरोप धाडला आहे: सुकी, ये.

शनिवार, ९ डिसेंबर

सातवा भाग आला. शेवटच्या पानांवर 'वाचकांची मते'. पहिलेच माझे, चौकटीत.

"या मालेमुळे आमच्या लहानशा गावी एका खऱ्या चोरीचा छडा लागला. ज्ञानाचा दिवा असा घरोघर लागो. — कु. काशी भोईर, बी. ए., जव्हार."

बाबांनी पुस्तक कचेरीत नेऊन दाखवले. ते पान माझ्या पदवीशेजारी लावायचे म्हणतात. बायकांनी आग्रह करून ते मला दोनदा वाचायला लावले. गोजाबाई सर्वांत पुढे बसल्या होत्या. दुसऱ्या वेळेला त्यांनीही मान डोलावली.

मी वाचले. दोन्ही वेळा पूर्ण वाचले. मध्येच थांबून खरे सांगता आले असते, सगळ्या समोरच होत्या. पुस्तक मिटले आणि पुढच्या शनिवारची वेळ सांगितली.

प्रकाशकांना दुरुस्ती लिहायला बसले. 'छडा चुकीचा लागला' इथवर आले. पुढे काय झाले ते लिहिता येईना.

मंगळवार, १२ डिसेंबर

माघी आली. पायरीवर चढली नाही, खालीच उभी राहिली, नात कडेवर. खोडाळ्याचा माणूस बाजारात भेटला म्हणाली. सुकी तिकडे पोचलीच नाही. ती निघाली होती, हेसुद्धा भावाला माहीत नाही.

तिने नातीला दुसऱ्या कडेवर घेतले.

"तुमाला शोधता येतं ना, बाई," म्हणाली. "शोधा."