सुमनच्या रक्ताचा कागद

१४ जाने. '९६, हळर्ण
शेवटी वासूच्या घरची रक्ताची सॅम्पल्स मिळाली! वासू, २६, सहा वर्षं स्किझोफ्रेनिया. आई शेवंतीकाकी आणि धाकटी बहीण सुमन, दोघी नॉर्मल. काकी आधी ऐकेचना. "देवाक इचारल्याबिगर रगत दिवचंय नाय." मग देवळात. गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या, काकी हात जोडून काहीतरी पुटपुटली. मी आइसबॉक्स मांडीवर घेऊन बसलेले. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. मी चक्क टाळी वाजवली! गुरव बघतच राहिला.
काकीने लगेच हात पुढे केला. "हेच्यात सगळा दिसतला मगे?"
डोपामिन रिसेप्टर, जीनचे प्रकार, रिस्क... मराठीत सुचेना. म्हटलं, हो काकी, सगळं दिसतं.
वासू कोपऱ्यातून, "माजा रगत रेडिओर लावतल्यात?" हसले. नंतर वाईट वाटलं.

२ मार्च, पणजी, लॅब
रन छान. तुलनेला बऱ्या लोकांची सॅम्पल्स कमी पडली, म्हणून माझंही रक्त घातलं.

१९ एप्रिल
कुठलं सॅम्पल कुणाचं ते झाकणारे कोड आज उघडले. आजारी असो की बरा, फरकच नाही. वासू, सुमन, मी, तिघांच्या जीनचा प्रकार एकच. परत रन केला. तेच. लॅबचे सर म्हणाले, "निगेटिव्ह इज ऑल्सो अ रिझल्ट."
असेल.

२३ एप्रिल
काकी पणजीला आली! सुमनला घेऊन, पहिल्या बसने. सुमनला साखळी गावचं स्थळ आलंय. त्यांना वासूचं कळलंय. रविवारी येऊन हो की नाही सांगणार.
"माज्या चेडवाचा, सुमनचा रगत साफ आसा असो कागद दी, बाय. शिक्को मारून."
म्हटलं, काकी, ह्या टेस्टमधून ते कळत नाही.
"सगळा दिसता म्हणान तूच सांगललंस."
पण देवाला तुम्ही रक्त द्यायचं का एवढंच विचारलं ना?
"ता कित्याक इचारू? माजा चेडू बरा रवतला मां, ता इचारलंय. देवान उजवो दिलो. तू टाळी मारलंस!"

काकी पाणी प्यायला गेली तेव्हा सुमन हळूच, "माका वासूसारख्या होतला काय गो?"
माहीत नाही, म्हटलं. तुझा जो प्रकार तोच माझा. त्याने काही ठरत नाही.
"मगे तुका बघूक येतत, तेवा कागद मागतत?"

२६ एप्रिल, शुक्र.
सर: "नो इंडिव्हिज्युअल रिपोर्ट्स. फॉर्मवर लिहिलंय." लिहिलंय, इंग्लिशमध्ये. रक्त घेताना मीच काकीला वाचून दाखवलेला, घाईत, अर्धा.
सगळे जेवायला गेल्यावर लेटरहेड टाइपरायटरला लावलं. तिला आजार होणार नाही, असं लिहिणं खोटं. माहीत नाही लिहिलं तर स्थळ गेलं. काहीच दिलं नाही तरी गेलं.
सुमनचं नाव टाइप केलं. पूर्ण नाव, गाव, तालुका पेडणे. पुढची ओळ कोरीच.
कागद मशीनमध्येच आहे. उद्या अकराला काकी तो न्यायला येतेय.