मैदानातली मराठी

चि. स्वानंद,

काल तुला संघातून वगळले आणि असे का खेळलास, असे कोचनी विचारल्यावर तू "गलती मेरी है" एवढेच म्हणालास, माझे नाव घेतले नाहीस. म्हणून हे लिहिते आहे.

चेंडू स्वतःच्याच पायाशी खेळवत राहायची तुझी सवय राठौर कोचच्या वेगवान पासच्या खेळात बसत नव्हती. तरी त्यांनी तुझ्यासाठी जागा शोधली. तू चेंडूशिवाय उजवीकडे पळायचेस, बचावपटूंना मागे ओढून न्यायचेस, आणि मोकळ्या जागेतून दुसऱ्याने गोल करायचा. मला तो तुझा अपमान वाटला. चेंडू खेळवायला मीच शिकवले होते ना तुला. मी कडेला खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक वेळी ओरडले, "आत ये, चेंडू माग." त्या मैदानावर मराठी आपल्या दोघांनाच कळते, याचा मला केवढा ताठा. तू ऐकलेस, आत गर्दी झाली, सामना गेला. कोचना वाटले, मुलगा जुमानत नाही.

आज जाऊन त्यांना सगळे हिंदीत सांगितले. शांतपणे ऐकून म्हणाले, "बुआजी, लड़के को कल भेज दीजिए. आप मत आइएगा."

तुला मराठी वाचता येत नाही, तरी मराठीतच लिहिते आहे. म्हणजे हे कपाटातच राहणार. तुझ्यासमोर बोलायचे धैर्य अजून नाही.

तुझी
जानकीआत्या

मैदानाच्या चौकीदाराच्या स्वाधीन केली: माझी घडीची खुर्ची. परत मागणार नाही.