कोपऱ्यापर्यंत

बाबा, तुम्ही मला स्पर्धेत खेळताना कधीच पाहिले नाही. पाहिलात तो फक्त सराव, आणि तोही आपल्या पेणच्या कारखान्यात, गणपतीच्या मूर्तींच्या दोन रांगांमधल्या वाटेत. छोट्या काठीला बांधलेली लांब रिबन संगीताच्या तालावर हवेत फिरवायची, तिची वेटोळी मोडू द्यायची नाहीत, आणि त्याच वेळी धावायचे, वळायचे, झेपावायचे, असा माझा खेळ. त्याला ऐसपैस जागा लागते हे मी वाचले होते, पण आपल्याकडे जागा म्हणजे तेवढी वाटच होती. रविवारी मी गाडीने रोह्याला जाई. तिथल्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई सभागृहात माझा सराव घेत. उरलेला आठवडाभर माझ्यासमोर ओळीने बसलेले, अजून रंग न लागलेले पांढरे गणपती असत, आणि त्यांच्या सोंडेला, कानाला रिबन न लावता मी वळायला शिकत असे.

एकदा रिबन लागलीच. आषाढ सरत आलेला, रंगकाम जोरात चाललेले. रिबनीचे टोक एका ओल्या पीतांबरावरून सरकले आणि शेजारच्या मूर्तीच्या दंडावर पिवळा पट्टा उमटला. सगळ्यांचे हात थांबले. तुम्ही ब्रश खाली ठेवलात, मूर्तीकडे पाहिलेत, मग माझ्याकडे. "रिबन तुझ्या हातात हाय, का तू रिबनीच्या हातात हायस, ते आधी ठरव," एवढेच म्हणालात. वर्गात नेहमी पहिली येणाऱ्या मुलीला बोलणी खाण्याची सवय नसते. संध्याकाळी मात्र नळाखाली ती रिबन तुम्हीच चोळून धुतलीत, दोरीवर वाळत घातलीत, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात देताना म्हणालात, "खेळ. पन हात अंगाशी ठेव." मी ते इतके मनावर घेतले की मूर्तींना पॉलिशपेपर मारणाऱ्या काकीला हसू आवरेना. "अशी चोरावानी काय नाचतेस गो? बाप्पाला वाटंल, कोन मोदक न्यायला आलंय." तुम्हीही हसलात, पण मूर्तीकडे तोंड करून, मला दिसू नये म्हणून.

माझी निवड झाली ती परदेशातली पहिली स्पर्धा गणपतीच्या तोंडावरच आली. कारखाना सोडून तुम्हाला येता येणे शक्यच नव्हते. तिथल्या सभागृहात ज्यावर खेळायचे तो गालिचा केवढा तरी मोठा होता. आपला अख्खा कारखाना त्यावर मावला असता. मी खेळले, रिबनीला कुठेही गाठ पडली नाही, आणि तरी निकालात माझे नाव पार खाली होते. बाईंनी मला बाजूला घेतले. "रिबन सुंदर होती गं तुझी. पण तू मध्येच राहिलीस. एकदाही कडेला गेली नाहीस. पंचांना अर्धा गालिचा रिकामा दिसला." मग त्या म्हणाल्या, "हे असेच राहिले तर पुढच्या निवडीत तुला घेणार नाहीत." माझ्या दोन्ही अंगांना मूर्ती होत्या, हे त्यांना कसे दिसावे?

घरी परतले तेव्हा गौरी-गणपतींचे विसर्जन झाले होते. कारखाना रिकामा. जमिनीवर पांढरी भुकटी आणि पाटांचे ठसे तेवढे उरलेले. मी टेपरेकॉर्डर लावते, धावत निघते, आणि जिथे रांग असायची तिथे पाऊल आपोआप थांबते. पुन्हा निघते, पुन्हा थांबते. तुम्ही दारात उपड्या डब्यावर बसून ब्रश धूत आहात.

"का थांबतेस?"

"सवय झालीय."

"तिथं काय नाय गो बाय. मोकळं हाय."

"माहीत आहे मला."

तुम्ही पंच्याला हात पुसता, उठता, आणि पार भिंतीशी, कोपऱ्यात जाऊन उभे राहता. "आता माझ्यापावेतो ये."

"रिबन लागेल तुम्हाला."

"मला काय ओला रंग लावलाय व्हय?"

मी धावले. रिबन तुमच्या खांद्यावरून सरकली. तुम्ही हलला नाहीत, फक्त डोळे मिटलेत. मग दुसऱ्या कोपऱ्यात गेलात, मग तिसऱ्या, मग चौथ्या. दिवाळीनंतर नवीन मूर्तींनी कारखाना पुन्हा भरेपर्यंत रोज संध्याकाळी हेच चालले. दारावरून जाणारा कुणी विचारी, "काय शिक्षा झालीय का काय कोपऱ्यात?" आणि तुम्ही गंभीरपणे सांगायचात, "व्हय. पोरगी सोडंल तवा सुटनार."

त्याच थंडीत तुम्ही गेलात. छातीत दुखतेय म्हणालात, डॉक्टरांकडे नेईपर्यंत उशीर झाला होता. तुमच्या बाराव्यानंतर बाई घरी आल्या आणि निवड चाचणीबद्दल त्यांनी एक अक्षर काढले नाही. मीच त्यांना म्हणाले, येते.

निवड झाली. दुसऱ्या स्पर्धेत, दुसऱ्याच देशात, मी पहिल्या कोपऱ्यापर्यंत गेले, दुसऱ्या, तिसऱ्या. बाई नंतर सांगत होत्या, इतकी मोकळी तुला कधी पाहिली नव्हती. चौथ्या कोपऱ्यात मात्र माझे पाऊल गालिच्याच्या रेषेबाहेर पडले, तिथल्या पंचाने झेंडा वर केला आणि गुण कापले गेले. त्यानंतर मी आणखी काही वर्षे खेळले, पुढे शिकले, नोकरीला लागले. तसे पाऊल पुन्हा पडले नाही.

"रेषा दिसली नाही का गं?" बाईंनी त्या दिवशी विचारले होते. मी नाही म्हणाले. त्यांनी दिव्यांना दोष दिला, आणि मी तो देऊ दिला. हे पत्र टाकायला जागा नाही, म्हणूनच तुम्हाला लिहिते आहे: रेषा मला स्वच्छ दिसली होती. आणखी एक पाऊल टाकले तर रिबन तुमच्या खांद्याला लागेल, असे वाटले.