ट्रूडीचं वजन आणि माझं

प्रिय व्हर्लिनदादा,

धाकट्या अर्लीनचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? कॅरलवहिनीने पाठवलेला रुबार्बचा मुरंबा पोचला, बरणी धुऊन ठेवली आहे. (अर्धा ट्रूडीने चाटला, हे वहिनीला सांगू नकोस.) मी ठणठणीत आहे, निदान मंगळवारच्या सभेपर्यंत तरी होते.

ट्रूडी म्हणजे माझी ढेरपोट्या जातीची डुकरीण. तू तिला पहिल्यांदा बघून "हिचे चॉप्स किती निघतील गं?" म्हणाला होतास. ती विसरली असेल, मी नाही! हार्लन गेल्यावर नवऱ्याविना हे घर मला खायला उठायचं रे. आता रोज सकाळी कोणीतरी फ्रिजसमोर बसून माझ्या नावाने बोंब मारतं, आणि खरं सांगते, त्या बोंबेसाठीच मी अंथरुणातून उठते. तर शेजारच्या ग्लेनने नगरपरिषदेत तक्रार केली की, हद्दीत गुरंढोरं पाळायला बंदी आहे, मग हिची डुकरीण कशी चालते? झालं! तीस दिवसांत ट्रूडीला गावाबाहेर काढा, अशी नोटीस आली. (नोटिशीवर सह्या करणारी मंडळी नुकतीच अग्निशमन दलाच्या जेवणात पोर्क चॉप्स हाणून आली होती. ताटात चालतं, सोफ्यावर नाही.)

मी दारोदार हिंडून दोनशे सह्या जमवल्या. नगराध्यक्षा बाई जरा विरघळल्या. त्यांनी सुचवलं की शंभर पौंडांच्या आतलं ढेरपोटं डुक्कर कुत्र्यामांजरासारखं घरचं धरावं, मात्र वजनाची चिठ्ठी हवी. आता आली का पंचाईत! जनावरांच्या डॉक्टरच्या काट्यावर ट्रूडी चढेना (काटा गारठलेला, मी तरी चढले असते का?). शेवटी तिला गाडीत घालून मर्विनच्या धान्यकोठारावर नेलं, जिथे मक्याचे ट्रक तोलतात. आधी ट्रूडीसकट गाडी तोलायची, मग रिकामी, आणि वजाबाकी करायची. फक्त पहिल्या वेळी मी स्टिअरिंगवर बसले होते, आणि दुसऱ्या वेळी खाली उतरून ट्रूडीला सफरचंद भरवत होते. मर्विनने मान वर न करता चिठ्ठी फाडून हातात दिली, मी न वाचता नगरपरिषदेत नेऊन दिली. आम्ही दोघंही धन्य!

मंगळवारी ग्लेनने ती चिठ्ठी मागून घेऊन भर सभेत वाचली. "डुक्कर, दोनशे ऐंशी पौंड! अहो, हे पाळायचं की नांगराला जुंपायचं?" सगळे खो खो हसले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोलायला तीन मिनिटं मिळतात, त्यातलं एक माइकपर्यंत पोचण्यातच गेलं. म्हटलं, "बाई, त्या दोनशे ऐंशीत मीही आहे." त्या म्हणाल्या, "मग तुमचं वजा करू. किती तुमचं?"

दादा, माझ्या गाडीच्या लायसन्सवर वजनाच्या रकान्यात लग्नापासून एकशे चाळीस पौंड लिहिलेत. हार्लनलासुद्धा तेवढेच ठाऊक होते, बिचारा. पण एकशे चाळीस म्हणावं तर ट्रूडीही एकशे चाळीस, आणि गेली हद्दीबाहेर. डोळे मिटले आणि म्हटलं, "एकशे ब्याऐंशी. घ्या लिहून!" कारकून बाईंनी इतिवृत्तात घेतलं, म्हणजे कायमचं. मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. ठराव एका मताच्या फरकाने का होईना, पास झाला! जाताना ग्लेन बुटांकडे बघत म्हणाला, "काय गं, ती गाजरं खाते का?" मला रडूच फुटलं. आता तो रोज कुंपणावरून एक गाजर टाकतो.

गुडघ्याला जप. वहिनीला आठवण सांग.

तुझी,
अर्लीन

ता. क. : लिहायचं राहिलंच. महिन्याभराने नगरपरिषद ट्रूडीला स्वतः तोलणार आहे. तू चाळीस वर्षं डुकरं पोसून गलेलठ्ठ केलीस, तर आता उलटं कसं करतात ते लगेच कळव. चौदा पौंड उतरवायचेत. ग्लेनच्या गाजरांचं काय करू, तेही लिही.

आणखी एक : "चौदा कसे?" म्हणशील. दादा, मी एकशे अडुसष्ट आहे. जन्मात पहिल्यांदा वजन वाढवून सांगितलं.