डाक्टरचा गूळ

बोरी अरबजवळचा तांडा
ता. ८ जानेवारी १९५९

ती. रूपसिंग भियास, बहीण बिजलीचा सा. न. वि. वि.

माह्यं लिवणं चौथीचं हाय, हासू नको.

माह्यं पोरगं पूनम अजून उभं राहत नाही. तापानं फणफणला म्हणून आम्ही दवाखान्यात नेलता. डाक्टर मांगच्या खोलीत पत्ते खेळून राह्यला होता. तिथूनच कंपौंडरले ओरडला, दे टोचून. कंपौंडरच्या हातातून सुई खाली पडली. त्यानं ती धोतराले पुसली अन् पोराले खुपसली. पोरगं सासूच्या मांडीवर होतं. आम्ही दोघीनं पाह्यलं. मंग जागा पिकली अन् पाय वाळला. डाक्टर म्हणे, तुमच्याच घाणीनं झालं.

दुसरे पोरं पयतात तं हा पाहत राह्यते अन् मले उचल म्हणते. मले भेव वाटते भिया, पण डाक्टरले रडताना पाह्यल्याबिगर माह्यं पोट थंडं होत नाही. तू वकीलसाहेबाकडे कामाले हायेस. इचार, याले जेलात टाकता येते काय?

लोभ तू ठेव, राग मी ठेवीन.
बिजली

यवतमाळ
ता. १५ जानेवारी १९५९

चि. सौ. बिजलीस, रूपसिंगचा अ. आ.

साहेब म्हणतात, जेलचं सांगता येत नाही, पण दारव्ह्याच्या कोर्टात दावा लागते. एकट्या आईच्या बोलण्यावर भागत नाही. सासूले उभं राहा लागंल.

डाक्टर तुमच्या तांड्याच्या नायकाले भेटला असं आयकलं, आता तो समेटाची बैठक बोलावंल. बैठकीत त्याचा गूळ खाऊ नको. आपल्यात गूळ खाल्ला की भांडण मिटलं, मंग तोंड उघडता येत नाही. तू गुळाची मोठी हावरी, म्हणून सांगून राह्यलो.

पूनमले माह्याकडून पापा.
तुहा भिया

तांडा
ता. २१ जानेवारी १९५९

ती. भियास सा. न.

तुह्यं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच बैठक झाली. डाक्टर टांग्यातून गुळाची भेली घेऊन आला. देवीलाल नायक म्हणे, पोरी, उद्या दुसरं लेकरू तापलं तं कोणाच्या दारात जाशील? सगळ्याइनं गूळ खाल्ला. ह्याइनं खाल्ला, सासूनंही खाल्ला.

माह्या हातावरही खडा ठेवला. मी उठली अन् टांग्याच्या घोड्याले चारला. म्हणलं, घोड्याचं भांडण मिटलं, माह्यं नाही. डाक्टरचं तोंड पाहाले पाह्यजे होतं तू!

आता तांड्यात मले कोणी चुलीले इस्तव देत नाही. हे बोलत नाहीत. सासू गेली हातची, असं मी धरून चालली होती.

आज पूनमच्या पायाले तेल चोळता चोळता सासू म्हणाली, गुळानं तांड्यात तोंड बंद होते, दारव्हा काही तांडा नाही. मंग इचारलं, कोर्टात आपल्या गोरबोलीत बोललं तं चालते काय?

साहेबाले इचारून लवकर कळव. आम्ही दोघी येतो. डाक्टर समोरच बसला पाह्यजे.

तुही बिजली